नुसते टॉवर वाढवून भागणार नाही

"महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या बाची-शिनोळी पट्ट्यात काड्या फुल्ल असून नेट रांगतं, आणखी टॉवर हवेत" या म्हणण्याला थोडी जोड देतो. ४जीत शेजारचे सेल (एकेका अँटेनाचा टापू) बहुधा एकच फ्रिक्वेन्सी वापरतात. मग दोघांच्या हद्दीवर एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या आड येतो. फोनमध्ये आरएसआरपी (सिग्नलचा जोर) -८५ डीबीएम म्हणजे चांगला, पण एसआयएनआर (अडथळा-गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) शून्याखाली दिसला, तर दुखणं बहुतेक हेच. आधी अँटेना खाली झुकवायला हवी. माळावरच्या उंच टॉवरचा सिग्नल उगाच चार गावं ओलांडतो. हद्दीवरच्या फोनना शेजारी सेलनी वेगवेगळे रिसोर्स ब्लॉक (फ्रिक्वेन्सीचे छोटे तुकडे) द्यायचे, यासाठी टॉवरनी एकमेकांना निरोप देण्याची सोय एलटीईत, म्हणजे ४जीच्या तंत्रात, रिलीज ८ या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. आपल्याकडे मात्र सीमेवर टेलिकॉम सर्कल (मोबाइल सेवेचा परवाना विभाग) बदलतं, त्यामुळे दोन्हीकडच्या इंजिनिअरांनी मिळून मोजणी करायलाच हवी. तक्रारीसोबत या दोन आकड्यांचा स्क्रीनशॉट जरूर जोडा.