होडीत पाणी साचलंय (घरच्या ग्रुपवरची रविवार सकाळ)

दादा (गाव): आत्ताच होडी बघून आलो. ताडपत्री मधोमध खोल गेली आहे, वर तळं साचलंय आणि फाटक्या कोपऱ्यातून सगळं आत उतरतंय. मागच्या बाजूला बसायच्या फळीपर्यंत पाणी. आणि पाणी जायच्या भोकाचं बूच घट्ट लावलेलं!

ताई (पुणे): जमिनीवरच्या होडीला बूच कशाला?

भाऊकाका: मी लावायला सांगितलं. होडी कोरडी पडू द्यायची नसते. अप्पा तर पाण्यात घालायच्या आधी मुद्दाम कळश्या ओतून ठेवायचे.

दादा: काका, ती सागाची होती. फळ्या पाणी पिऊन फुगायच्या, सांध्यातला कापूस दाबला जायचा, गळती थांबायची. अप्पांचं बरोबरच होतं. पण ही फायबरची, हिला सांधेच नाहीत. उलट आतल्या आडव्या लाकडांवर फायबर चढवलंय आणि फळीखाली फोम भरलाय. त्यात एकदा पाणी मुरलं की उन्हाळ्यातसुद्धा धड सुकत नाही. होडी कायमची जड होते, लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरून काही कळत नाही.

भाऊकाका: हं. मग काढ बूच.

धाकटा (बंगळूर): किती पाणी असेल रे? 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. होडी 7 मीटर लांब, 2 मीटर रुंद, निमुळती धरून 10 चौरस मीटर. 100 मिमी पडला आणि सगळा आत गेला तर 1000 लिटर. एक टन!

आत्या: अगं बाई! आणि होडीखाली ओंडके दोनच ना?

दादा: तीच भीती आहे. पाण्यात असताना समुद्र तिला सगळीकडून उचलून धरतो. इथे सगळा भार दोन जागांवर. तिथेच तळ दबतो, चिरा पडतात. म्हणून कोणी आत चढू नका, पोरांनाही सांगा. आधी बाहेरूनच पाणी जाऊ दे.

काकी: थांब! पाण्यावर तवंग आहे का बघ आधी. उतारावर आपली विहीर आहे.

दादा: आहे, मागच्या कोपऱ्यात. पेट्रोलची टाकी तिथेच असते. बाहेर उभा राहूनच जुन्या सुती चादरीने वरवर टिपून घेतो.

काकी: आणि ती चादर चुलीजवळ आणू नकोस.

*(तासाभराने)*

दादा: बूच काढलं. आधी थेंब नाही! भोकात तार घातली तर पानं, खवले आणि जाळ्याच्या नायलॉनचा बोटभर गोळा निघाला. मग जी धार लागली! आता मागचं रिकामं झालंय, पण पुढच्या खणात पाणी तसंच. आडव्या लाकडाखालून पाणी मागे यायला जे भोक असतं, ते गाळाने बुजलंय.

भाऊकाका: नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर घे. सपाट ठेवलीस तर कितीही भोकं उघड, पाणी मधेच बसणार.

दादा: हो, भोक मोकळं करतो आणि पुढे आणखी एक ओंडका सरकवतो. वीतभर उचलली तरी उतार मिळेल. मधेही एक आधार देतो.

धाकटा: ऑटोमॅटिक पंप बसवू या का? मी ऑर्डर करतो.

दादा: खाडीत उभी असेल तेव्हा हवाच. पण आता बॅटरी काढून घरात आणली आहे. ठेवली असती तरी झडीत पंप चालून चालून ती बसली असती, नाहीतर पंप चालू-बंद करणाऱ्या फ्लोटखाली पान अडकलं असतं. उघड्या भोकाला बॅटरी लागत नाही.

ताई: तळाला ओंजळभर राहिलं तरी स्पंजने टिप. आठवड्या-दहा दिवसांत डास होतात, आणि शेजारी लहान बाळ आहे.

दादा: टिपतो. भोकावर बाहेरून जाळीचा तुकडा बांधतो, नाहीतर उंदीर आत संसार मांडतील.

भाऊकाका: ताडपत्रीचं काय? माडाच्या झापांनी शाकारायचो तेव्हा कधी पाणी साचलं नाही. मधे आडं असायचं, दोन्हीकडे उतार. तुम्ही नुसती चादर पांघरता.

दादा: हे मात्र शंभर टक्के मान्य! नाळेपासून मागपर्यंत बांबू टाकतो, त्यावरून ताडपत्री. दोन्ही टोकं उघडी ठेवतो, वारा खेळला पाहिजे.

आत्या: आणि बूच नीट ठेव. नाहीतर ते न लावताच होडी लोटतील सगळे.

दादा: इंजिनाच्या चावीला सुतळीने बांधलंय. बूच हातात आल्याशिवाय चावी लागणारच नाही.

धाकटा: 31 जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते ना? मी सुट्टी टाकू?

भाऊकाका: बंदी कागदावर संपते. आपण नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाही, नारळी पौर्णिमेनंतरची टाक.

दादा: बांबू माझ्याकडे आहेत. ताडपत्री मात्र नवीन लागेल, पुणे-बंगळूरवाल्यांनी पैसे पाठवा. आजच.

ताई: 🙈 पाठवते.