प्रभागाची रेघ: जुळे सोलापूरच्या एका सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-२०३: भाच्यानं टेक्सासहून बातमी पाठवलीय. २०२५ मध्ये तिकडं जनगणना नसताना मध्येच मतदारसंघ नव्यानं आखले. रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाढाव्यात म्हणून! लपवलंसुद्धा नाही ओ.

बी-१०२: कोर्टात जायचं की मग.

सी-४०१: जाऊन झालं, अण्णा. २०१९ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ नं सांगितलं, पक्षाच्या सोयीची आखणी फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टांनी तपासायची नाही. म्हणून कॅलिफोर्नियाचा मार्ग मला पटतो. १४ नागरिकांचा आयोग, त्यात ५ डेमोक्रॅट, ५ रिपब्लिकन, ४ दोन्हींत नसलेले. पहिले ८ चिठ्ठ्या टाकून, उरलेले ६ तेच निवडतात. आणि प्रत्येक गटातली किमान ३ मतं पडल्याशिवाय नकाशा मंजूर नाही.

बी-१०२: आपल्या सेक्रेटरीचीपण चिठ्ठीच काढा. उभं कोण राहतंय 😀

ए-२०३: पण टेक्सासला उत्तर म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच संसदेच्या जागांपुरता तो आयोग २०३० पर्यंत बाजूला ठेवला.

सी-४०१: खरंय काका. समोरचा पाळत नाही तर आपण एकट्यानं का पाळायचं, हा राग.

डी-३०१: आपल्याकडं कोण आखतं?

सी-४०१: ताई, लोकसभा-विधानसभेला स्वतंत्र आयोग. २००२ च्या कायद्यात राज्यातले १० खासदार-आमदार सोबत बसतात, पण त्यांना मत नाही. महापालिकेचं उलट. २०२२ मध्ये विधिमंडळानं कायदा करून प्रभाग रचना राज्य सरकारकडं घेतली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे त्या दिवशी एकमतानं!

अ‍ॅडमिन: टँकर ४ वाजता. गेटसमोरच्या गाड्या काढा.

बी-१०२: नियम आहेत की. उत्तरेकडून सुरुवात, दक्षिणेत शेवट, प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेला घरांचा छोटा गट) फोडायचा नाही, लोकसंख्येत १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो.

सी-४०१: त्या १० टक्क्यांतच सगळा खेळ. कुठला गट इकडं, कुठला तिकडं, याचं कारण कुणी लिहून देत नाही. मी म्हणतो, प्रत्येक रेघेचं कारण प्रारूपासोबतच, म्हणजे कच्च्या आराखड्यासोबतच छापा.

डी-३०१: मग प्रारूपावरच्या हरकतीत काय लिहायचं?

सी-४०१: ‘अन्याय झाला’ एवढ्यानं भागत नाही. कुठला प्रगणक गट, कुठला नाला किंवा रस्ता ओलांडला, रेघ कुठून हवी आणि तसं केल्यावर लोकसंख्या किती होते, ते लिहायचं.

डी-३०१: पुढच्या प्रारूपाला गटांचे आकडे मी काढते. नकाशा कोण बघतंय?

बी-१०२: मी बघतो. आधी गाडी काढून येतो.