विंडोज सोडून मॅक किंवा लिनक्सवर जाताना नेमकं काय अडतं? (अनुभव धागा)

विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. तेव्हापासून अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जो तो विचारतोय, नवा लॅपटॉप घेताना मॅक घेऊ की लिनक्स (विंडोजऐवजी टाकायची मोफत प्रणाली) टाकू? कोणतं चांगलं, हा वाद इथे नको. फायली तासाभरात इकडून तिकडे जातात. गाडी अडते ती मराठी टायपिंग, प्रिंटर आणि डिजिटल सहीचं टोकन (सही साठवलेलं, यूएसबीत लावायचं छोटं यंत्र) या तीन ठिकाणी. ज्यांनी हे काम स्वतः केलंय किंवा गिऱ्हाइकांना करून दिलंय त्यांनी लिहा: क्रम काय, कुठे अडलं, का अडलं.

रत्नागिरी, हिशेब आणि जीएसटीचं काम

टॅली प्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, हे पहिलं लक्षात घ्या. मॅकवर हवंच असेल तर पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज बसवावं लागतं. ॲपलच्या स्वतःच्या एम-चिपच्या मॅकवर ते विंडोज एआरएम प्रकारचं, म्हणजे त्या जातीच्या चिपसाठीचं असतं. त्यात साधी सॉफ्टवेअर बहुतेक चालून जातात, पण ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) मात्र एआरएमसाठीच बनवलेला लागतो. म्हणून टॅली उघडतं आणि सहीचं टोकन दिसत नाही, असा प्रकार होतो. त्यावर उपाय म्हणजे टोकन थेट मॅकच्या बाजूनेच वापरणं. टोकनवर ईपास 2003, प्रॉक्सकी असं मॉडेलचं नाव छापलेलं असतं. त्या कंपनीचा तुमच्या मॅकओएससाठीचा ड्रायव्हर आहे का, हे लॅपटॉपचे पैसे देण्याआधी बघा. सही टोकनमधून कॉपी होत नाही. चाचणी करताना पासवर्ड अंदाजाने टाकत बसू नका, ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतं.

दुसरं, टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून नेट चालू असताना सरेंडर करा, मगच नव्यावर चालू करा. जुन्याची डिस्क आधी पुसली तर उगाच हेलपाटे. डेटाचा बॅकअप घेतलात की तो तिसऱ्या कुठल्या तरी मशीनवर रिस्टोअर करून उघडून बघा. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांना 11 आणि 20 या शेवटच्या तारखा असतात. बदल 21 ला सुरू करा. आंब्याच्या पेट्यांची बिलं चालू असताना, एप्रिल-मेमध्ये, या भानगडीत पडूच नका.

गुहागर, डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान

मराठीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

जुन्या फायली श्री-लिपी, कृतीदेव किंवा डीव्हीबी-टीटी फॉन्टमध्ये असतील तर तो मजकूर युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) नाही. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. जुना लॅपटॉप चालू आहे तोवर प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ काढा, मग मजकूर युनिकोडमध्ये बदला आणि पीडीएफ शेजारी ठेवून ताडून बघा. रूपांतरात रफार सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते आणि 'ऱ्य' हमखास बिघडतो. 'खाऱ्या वाऱ्याने' चं 'खार्या वार्याने' झालेलं लग्नपत्रिकेत गेलं तर पत्रिका परत छापावी लागते.

इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी वापरणाऱ्यांना फारसा त्रास नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे ती मांडणी आहे आणि हाताची सवय तशीच चालते. 'ऱ्य' साठी शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅशची कळ. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस इथे 'देवनागरी' म्हणजे इनस्क्रिप्ट. 'देवनागरी-क्वर्टी' म्हणजे उच्चारानुसार. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारात कीबोर्डच्या लेआउट्समध्ये भारतीय मांडण्यांखाली मराठी सापडते. रोमनमधून टाइप करणाऱ्यांनी आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम17एन पॅकेज टाकावं. त्यात मराठीच्या आयट्रान्स आणि फोनेटिक अशा दोन्ही पद्धती मिळतात.

'ॲ' ची एक बारीक गोष्ट. हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध आहे, पण काही कीबोर्डांवरून अ आणि वरचा चंद्र असं दोन तुकड्यांत टाइप होतं. डोळ्याला दोन्ही सारखंच. शोधायला गेलात की 'ॲडव्हान्स' सापडत नाही. गिऱ्हाइकांची यादी नव्या मशीनवर नेल्यावर एकाच पद्धतीने बदलून घ्या.

फॉन्टचं: मंगल, कोकिळा, निर्मला हे विंडोजबरोबर येतात. दुसरीकडे ते नसतात, म्हणून ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दीड पानाचा होतो. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी दोन्हीकडे टाका आणि त्यातच काम करा. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये ऑप्शन्समधून कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून भाषा मराठी निवडा. नोटोसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी वळणं भाषा मराठी ठेवल्यावरच येतात, नाहीतर हिंदी वळणाचा ल छापून येतो.

मालवण, होमस्टेचं बुकिंग

मॅकबद्दल. एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटची जुनी हार्डडिस्क मॅकवर वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. डिस्क बिघडली असं समजू नका. डेटा दुसरीकडे काढून डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, म्हणजे दोन्हीकडे चालते. पण एक्सफॅट नाजूक असतं. इजेक्ट न करता वायर ओढली की फोल्डर गायब होऊ शकतात.

फाइल कट करायची तर कमांड-सी, आणि नव्या जागी कमांड-ऑप्शन-व्ही. एंटर दाबल्यावर फाइल उघडत नाही, नाव बदलायला येते. उघडायला कमांड-ओ. लाल बटणाने खिडकी बंद होते, बहुतेक ॲप आत चालूच राहतं. ते कमांड-क्यूने बंद करा.

चार्जिंगला असताना मॅकच्या पत्र्यावरून बोट फिरवलं की मुंग्या आल्यासारखं वाटतं, त्याचं कारण दोन पिनांचा चार्जर. तीन पिनांची अर्थिंगवाली केबल लावली की ते थांबतं, पण घराला खरं अर्थिंग हवं. जांभ्या कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा मार्चनंतर कोरडा पडतो. वायरमनला बोलवून तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घालत राहा.

दापोली, लॅपटॉप दुरुस्ती

नव्या विंडोज लॅपटॉपवर लिनक्स टाकणाऱ्यांनी आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी. बऱ्याच मशीनवर एनक्रिप्शन न विचारता चालू असतं, आणि बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) हात लावला की ते की मागतं.

मग विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरतं उघडतं. 8 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावर व्हेंटॉय हे सॉफ्टवेअर टाकून मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) नुसती कॉपी करायची. लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड बघा आणि लॅपटॉप एकदा झोपवून उठवा. इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नसेल तर बहुतेक वेळा बायोसमधली इंटेल व्हीएमडी किंवा आरएसटी ही डिस्कची सेटिंग कारण असते. ती बदलून एएचसीआय केल्यावर विंडोज अडू शकतं, म्हणून विंडोजही ठेवायचं असेल तर हे जाणकाराकडून करून घ्या. वायफाय चालत नसेल तर फोन यूएसबी टेदरिंगला लावून ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तगतो, राउटर नाही. आयएसओ आदल्या दिवशीच उतरवून चेकसम (फाइल पूर्ण आली का ते सांगणारा आकडा) जुळवून ठेवा.

देवगड

प्रिंटरचं थोडक्यात. एप्सन एल मालिका लिनक्सवर सहसा सरळ चालते. एचपी 1020 ला एचपीएलआयपी या लिनक्सवरच्या एचपी ड्रायव्हरचं वेगळं प्लगइन लागतं. या प्रिंटरमध्ये फर्मवेअर (त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) साठत नाही, दर वेळी चालू केल्यावर लॅपटॉपकडून पाठवावं लागतं. म्हणून लाइट जाऊन आली आणि प्रिंट निघेना, तर प्रिंटर बंद करून वायर काढून परत लावा. कॅनन 2900 घरी असेल तर लिनक्सचा हट्ट धरू नका. त्याचा ड्रायव्हर जुना, 32 बिटचा, बसवणं कटकटीचं. त्या एका प्रिंटरसाठी जुना विंडोज पीसी कोपऱ्यात राहू द्या.

अलिबाग

दोन्ही प्रणाली ठेवल्यात, पण लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे जातं. मदरबोर्डवरचा बॅटरी सेल बदलू का?

दापोली, लॅपटॉप दुरुस्ती

सेल बदलू नका, तो ठीक आहे. लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. आपला फरक 5 तास 30 मिनिटांचा, तोच दिसतोय. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल ही कमांड वापरून हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवा आणि एकदा रीस्टार्ट करा. तोवर विंडोजमधून बँकेची किंवा जीएसटीची साइट उघडू नका. वेळ चुकली की ब्राउझर प्रमाणपत्राची तक्रार करू शकतो, आणि ओटीपीचं ॲप त्याच लॅपटॉपवर असेल तर त्याचे आकडेही जुळत नाहीत.