पित्ताशय काढल्यावर तूप पचते का?

प्रश्न : खड्यांमुळे माझ्या आईचे पित्ताशय शस्त्रक्रियेने काढावे लागले. पित्ताशिवाय स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत असे शाळेत शिकलो होतो. मग वरणभातावरचे तूप तिने कायमचे सोडावे का?

उत्तर १ : पित्त तयार होते यकृतात, तेही अहोरात्र, पित्ताशय ते फक्त साठवते आणि त्यातील पाणी शोषून दाट करते. स्निग्ध अन्न लहान आतड्यात उतरले की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते, त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावते आणि साठा एकदम आतड्यात येतो. आता तो साठाच नसल्याने पित्त यकृतातून थेट, थोडे थोडे झिरपत राहील. तेव्हा चमचाभर तूप खुशाल द्यावे. श्रीखंड-पुरीचे भरपेट जेवण मात्र सुरुवातीला जड जाऊ शकते.

उत्तर २ : वरील उत्तराला एक पुरवणी. पित्त चरबीचे केवळ बारीक थेंब करते. तिचे विघटन मुख्यतः स्वादुपिंडातील लायपेज हे विकर करते आणि त्याला धक्का लागलेला नाही. काहींना मात्र पातळ शौचास होते, कारण मोठ्या आतड्यात उतरलेले पित्तक्षार तिथे पाणी ओढतात. तसे होत राहिल्यास अंगावर काढू नये, त्यावर औषध मिळते.