मदत हवी आहे: मे महिन्याच्या सुट्टीत शाळेतली रोपं कशी जगवायची?

नमस्कार मंडळी,

मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पहिली ते सातवीची शाळा, राष्ट्रीय हरित सेनेचं काम माझ्याकडे. २००१-०२ मध्ये देशभर सुरू झालेली, शाळांतल्या पर्यावरण गटांची ही योजना बऱ्याच ठिकाणी फलकावरच दिसते, पण आमच्या मुलांनी ती खरोखर मनावर घेतली आहे. पोषण आहारानंतर ताटं धुतलेलं पाणी चर काढून करंज आणि कडुलिंबाच्या रोपांना सोडलंय. उष्टं आणि पालापाचोळा एका खड्ड्यात जातो, त्याचं खतही चांगलं होतं. वास यायला लागला की वाळका पाला जास्त टाकायचा, हे आता तिसरीतली पोरंही सांगतात.

अडचण आहे ती सुट्टीची. मे सुरू झाला की शाळा बंद, पोषण आहार बंद, म्हणजे चराचं पाणीही बंद. आमचा भाग पर्जन्यछायेतला, जमीन मुरमाड, दुपारचं ऊन तर विचारू नका. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा निम्म्याहून जास्त रोपांच्या नुसत्या काड्या उरलेल्या असतात. ज्या मुलांनी वर्षभर दर महिन्याला रोपाची उंची मोजून वहीत लिहिलेली असते, त्यांना त्या काडीसमोर उभं राहिलेलं बघवत नाही.

शाळेला शिपाई नाही. लहान मुलांना भर उन्हात हंडे घेऊन पाठवणं मला पटत नाही. कुणाच्या भरवशावर टँकरही मागवता येत नाही, कारण मे महिन्यात गावालाच प्यायचं पाणी पुरत नाही. तेव्हा कमीत कमी पाण्यात, आठवड्यातून एखाद-दुसऱ्या फेरीत भागेल असं काही सुचवा. सलाईनच्या बाटल्या लावून पाहिल्या, पण त्या उन्हानं लवकर तडकतात आणि नळीत कचरा अडकतो. आच्छादन करावं तर वाळवीची भीती. आणखी एक: शेळ्यामेंढ्या न खाणारी, इथली, कमी पाण्यावर तगणारी झाडं कोणती घ्यावीत? वाटपात मिळतात ती बहुतेक गुलमोहर नाहीतर गिरिपुष्प, आणि मला मुलांच्या हातून आपल्या मातीतलीच झाडं लावून घ्यायची आहेत.

प्रतिसाद

बाई, मी शेजारचाच, सांगोल्याकडचा. डाळिंब करतो. तुमच्यासाठी मडकं सगळ्यात बरं. बिनझिलईचं, सात-आठ लिटरचं मडकं रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकण ठेवा. माती कोरडी पडेल तसं पाणी आपोआप झिरपतं, ओली असली की थांबतं, आणि मुळं मडक्याकडे वळतात. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा भरलं की भागतं. झाकण विसरू नका, नाहीतर डास होतात आणि पाणीही उडून जातं.

आच्छादन कराच. चार बोटं जाड पाचोळा, पण खोडाला टेकू देऊ नका. वाळवीसाठी खड्डा भरतानाच निंबोळी पेंड मिसळा. शेळ्यांचं म्हणाल तर सीताफळ आणि करंज, दोन्हींना त्या सहसा तोंड लावत नाहीत. बहावाही चालेल, फक्त त्याचं बी फार टणक असतं. पेरण्याआधी मुलांना ते खरबरीत दगडावर घासायला द्या. तरीही पहिली दोन वर्षं बोराटीचं कुंपण हवंच.

आणि ५ जूनला, पर्यावरण दिनी, फोटोपुरती रोपं लावायचा आग्रह कुणी धरला तर नम्रपणे नाही म्हणा. खड्डे मे महिन्यात काढून तापू द्या, रोप मात्र पहिला दमदार पाऊस झाल्यावरच लावा. पूर्ण पावसाळा मिळाला तर मुळं खोल जातात, आणि पुढच्या मे महिन्यात रोप तग धरतं ते त्याच जोरावर.

प्रतिसाद

मी बीडकडे शिक्षक आहे. झाडं वर्गवार वाटू नका, वस्तीवार वाटा. शाळेजवळ राहणाऱ्या घरांकडे मडकी भरण्याचं काम द्या, सकाळी सातच्या आत. सातवीची मुलं पास होऊन जातात आणि त्यांची झाडं पोरकी होतात, म्हणून प्रत्येक झाडाला एक मोठं आणि एक लहान मूल अशी जोडी लावा. लांबच्या वाडीवरच्या मुलांना रोपवाटिका द्या, म्हणजे त्यांचा वाटा सुटत नाही. आणि लावा तेवढीच जेवढ्यांना मे महिन्यात पाणी देता येईल. आम्ही संख्या कमी केली तेव्हा कागदावर वाईट दिसलं, पण झाडं राहिली.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जोडीची कल्पना उद्याच मुलांसमोर मांडते, कमी रोपं लावण्याचं मुख्याध्यापकांशी बोलते. मडक्यांसाठी गावात घरोघरी पडलेले जुने माठ मागावेत असं मनात आहे. पण आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं आहे, भांड्यांवर पांढरा थर धरतो. तशानं माठाची छिद्रं बुजतील का? बुजली तर माठ उकरून घासून पुन्हा वापरता येतो, की दर वर्षी नवाच लागतो? कुणी क्षाराच्या पाण्यावर हे केलं असेल तर जरूर सांगा, म्हणजे माठ गोळा करायला लागण्याआधीच ठरवता येईल.