सुरक्षा परिषदेतला व्हेटो आता गेलाच पाहिजे

रानजाई

२५ फेब्रुवारी २०२२ ची सुरक्षा परिषदेची बैठक मी थेट पाहत होते. रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्याचा तो दुसरा दिवस. परिषदेचं अध्यक्षपद दर महिन्याला एकेका सदस्याकडे जातं आणि त्या फेब्रुवारीत ते नेमकं रशियाकडे होतं. त्यामुळे नालेच्या आकाराच्या त्या टेबलाशी अध्यक्ष म्हणून बसले होते रशियाचे राजदूत वासिली नेबेन्झ्या. फौजा मागे घ्या, असं सांगणारा ठराव मताला टाकला त्यांनीच. बाजूने अकरा हात वर झाले. विरोधात कोण, हेही त्यांनीच विचारलं, आणि एकच हात वर गेला, त्यांचा स्वतःचा. भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ. पण कायम सदस्याच्या एका विरोधी मताने ठराव पडतो, त्यालाच व्हेटो म्हणतात. ठराव फेटाळला गेला, हे जाहीर करणारेही तेच.

आरोपीनेच निकाल वाचून दाखवावा तसं ते होतं. मला आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

गाझाच्या बाबतीत दुसऱ्या बाजूने तेच. डिसेंबर २०२३ मध्ये सरचिटणीस गुटेरेस यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं क्वचितच वापरलं जाणारं कलम ९९ वापरून परिषदेला सावध केलं. दोन दिवसांनी शस्त्रसंधीच्या ठरावाला १३ मतं पडली, ब्रिटन तटस्थ राहिला आणि अमेरिकेच्या एका हाताने ठराव मेला. पुढे नोव्हेंबर २०२४, जून २०२५, सप्टेंबर २०२५, तिन्ही वेळा १४ विरुद्ध १.

अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच कायम सदस्यांना व्हेटोचा हा अधिकार १९४५ साली मिळाला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांत ५१ देश होते. आज १९३ आहेत. माझं म्हणणं सरळ आहे: व्हेटो रद्द करा.

खडूफळा

रानजाई, तुमचा संताप रास्त आहे, निष्कर्ष नाही.

व्हेटो नसता तर ही संस्थाच उभी राहिली नसती. सॅन फ्रान्सिस्कोला सनद लिहिली जात होती तेव्हा छोट्या देशांनी व्हेटोला कडाडून विरोध केला, ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री एव्हाट त्यात सगळ्यांत पुढे. त्यावर अमेरिकेचे सिनेटर टॉम कॉनली उभे राहिले. व्हेटो हाणून पाडला असं तुम्ही खुशाल घरी जाऊन सांगा, पण सनदही फाडून टाकली हे सांगावं लागेल, असा त्यांचा सूर होता. आणि हातातला मसुदा त्यांनी सगळ्यांदेखत टराटरा फाडून टेबलावर टाकला. छोटे देश काय समजायचं ते समजले.

त्याआधीच्या राष्ट्रसंघाचं, म्हणजे लीग ऑफ नेशन्सचं, काय झालं? अमेरिका आत आलीच नाही. जपान आणि जर्मनी १९३३ मध्ये उठून गेले, इटली १९३७ मध्ये. सोव्हिएत संघाला १९३९ मध्ये काढून टाकलं. मोठे देश बाहेर पडल्यावर उरते ती नुसती सभा.

आता समजा, युक्रेनवरच्या मतदानाच्या त्या दिवशी व्हेटो नसता आणि अकरा मतांनी ठराव मंजूर झाला असता. पुढे काय? अण्वस्त्रं बाळगणाऱ्या देशाला मागे रेटायला कोण जाणार होतं? परिषदेच्या शिक्क्यानिशी तिसरं महायुद्ध होऊ नये, एवढ्यासाठीच व्हेटो आहे. न्याय देणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

सह्यकडा

खडूफळा यांच्याशी सहमत, आणि मला इतिहासातली आणखी दोन पानं उघडायची आहेत.

१८ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य गोव्यात शिरलेलं. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी परिषदेत ठराव आणला: लढाई थांबवा, भारताने फौज मागे घ्यावी आणि पोर्तुगालशी बोलणी करावीत. परिषद तेव्हा अकरा जणांची होती, सात मतं लागत. ठरावाला बरोब्बर सात मतं पडली. विरोधात सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) आणि सोव्हिएत संघ. या चौघांत व्हेटो फक्त सोव्हिएत संघाकडे होता. तो नसता तर ठराव मंजूर होता! साडेचारशे वर्षं ठाण मांडून बसलेल्यांशी अजून बोलत बसा, असा तो ठराव. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली.

मग १९७१. पूर्व पाकिस्तानात मार्चपासून कत्तल चालू होती आणि तेव्हा कुणाला घाई नव्हती. डिसेंबरमध्ये भारत उतरल्यावर सगळ्यांना एकदम शस्त्रसंधी आठवली. परिषदेत सोव्हिएत संघाने पुन्हा पुन्हा व्हेटो वापरला म्हणून प्रश्न सगळ्या सदस्य देशांच्या आमसभेत गेला, तिथे ७ डिसेंबरला १०४ विरुद्ध ११ मतांनी शस्त्रसंधी आणि फौजा मागे घेण्याचा ठराव झाला. एकशे चार देश! तो ठराव बंधनकारक असता आणि पाळावा लागला असता, तर १६ डिसेंबरची ढाक्याची शरणागती झालीच नसती.

बहुमताच्या न्यायावर रानजाईंचा एवढा विश्वास आहे, त्यांनी या १०४ मतांचं काय करायचं ते सांगावं.

रानजाई

सह्यकडा, तुमचा प्रश्न बिनतोड आहे. दोन दिवस त्यावरच विचार करत होते. गोवा आणि बांगलादेश, दोन्हीकडे मी तुमच्याच बाजूची.

पण एक गोष्ट बघा. गोव्यात सोव्हिएत सैनिक लढत नव्हते, ढाक्याच्या वाटेवरही नव्हते. तो तिऱ्हाइताचा व्हेटो होता. त्याच सोव्हिएत संघाने १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये हंगेरीत, बुडापेस्टमध्ये रणगाडे घातले आणि त्या रणगाड्यांवरच्या ठरावाला स्वतःच नकार दिला. त्याच्या पाच दिवस आधी इजिप्तमधल्या सुएझ कालव्याच्या प्रश्नावर ब्रिटन आणि फ्रान्सने हेच केलं होतं. या दोन प्रकारांत फरक नाही का? दुसऱ्याच्या बाजूने उभं राहणं वेगळं आणि आपलाच हात रक्ताने माखलेला असताना तोच हात वर करणं वेगळं.

आणि तिसरा प्रकार राहिलाच, त्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. बाब अल-हवा.

सीरियाच्या वायव्य कोपऱ्यात बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात चाळीस लाखांहून जास्त लोक अडकले होते. सीरियात शेजारी देशांतून पीठ, लसी, तंबू पोचवायला परिषदेने २०१४ मध्ये परवानगी दिली, सीमेवरच्या चार नाक्यांवरून. रशिया आणि चीनच्या व्हेटोमुळे २०२० मध्ये चाराचे आधी दोन झाले, मग एक. तो एक नाका म्हणजे तुर्कस्तानच्या सीमेवरचा बाब अल-हवा. परवानगी कधी सहा महिन्यांची, कधी वर्षाची. मुदत संपत आली की मदत संस्था घाईघाईने गोदामं भरून ठेवत, कारण उद्या फाटक उघडेल की नाही हे न्यूयॉर्कमधल्या मतदानावर ठरायचं. ६ फेब्रुवारी २०२३ ला भूकंप झाला तेव्हा तो एकच नाका उरला होता. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीचा पहिला ताफा पलीकडे गेला तो ९ तारखेला. सहा ट्रक. ढिगाऱ्याखाली माणसं होती आणि तीन दिवसांनी सहा ट्रक!

इथे कुठलं महायुद्ध टळत होतं, खडूफळा?

अधोरेखित

एक दुरुस्ती. भूकंपात नाक्याकडे जाणारे रस्तेही खचले होते, त्यामुळे त्या तीन दिवसांचा सगळा दोष व्हेटोवर टाकता येत नाही. नाके जास्त असते तर दुसरी वाट मिळाली असती, एवढं मात्र खरं. पुढे आठवडाभराने सीरियाच्या असद सरकारने आणखी दोन नाक्यांना होकार दिला.

माझा मुद्दा वेगळा आहे. या धाग्यावर रवांडाचं नाव अजून आलेलं नाही. एप्रिल १९९४ मध्ये तिथे हत्याकांड सुरू झालं तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सुमारे अडीच हजार शांतिसैनिक देशात होते. २१ एप्रिलला परिषदेने ठराव ९१२ मंजूर केला. एकमताने, व्हेटोबिटो काही नाही. ठराव कसला, तर शांतिसैनिक कमी करून २७० वर आणण्याचा. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. परिषदेच्या टेबलाशी त्या वर्षी अस्थायी सदस्य म्हणून हे हत्याकांड घडवणारं रवांडाचं सरकारच बसलेलं होतं.

जिथे कुणाला जायचंच नसतं तिथे व्हेटोची गरजही पडत नाही. रानजाईंनी व्हेटो काढून दाखवला तरी ही खोली तशीच राहील.

वाटसरू

सह्यकडा तिऱ्हाइताच्या व्हेटोचे गोडवे गातात, म्हणून त्याचं दुसरं उदाहरण. मॅसेडोनियात हिंसा पसरू नये म्हणून संयुक्त राष्ट्रांची एक छोटी तुकडी होती, आणि ती चांगलं काम करत होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये चीनने व्हेटो वापरून तिची मुदतवाढ अडवली. सांगितलेलं कारण, आता तिथे शांतता आहे. पण जेमतेम महिनाभर आधीच मॅसेडोनियाने तैवानशी राजनैतिक संबंध जोडले होते. काही आठवड्यांत कोसोवोतून निर्वासितांचे लोंढे त्याच सीमेवर येऊन धडकले.

खडूफळा

बाब अल-हवाबद्दल मला उत्तर देता येत नाही, हे आधी मान्य करतो. तिथे महायुद्ध टळत नव्हतं.

पण तुम्ही १९५६ काढलंत म्हणून त्यातलं उरलेलं अर्धं सांगतो. व्हेटो झाल्यावर दोन्ही प्रश्न आमसभेत गेले, तीच वाट १९५० मध्ये कोरियाच्या वेळी काढली होती. सुएझमधून ब्रिटन आणि फ्रान्स निघाले, शांतिसैनिकांची पहिली सशस्त्र फौज तिथे गेली. हंगेरीत काहीच झालं नाही. व्हेटो दोन्हीकडे होता, दोन्हीकडे आमसभेने तो ओलांडला. फरक एवढाच की ब्रिटन-फ्रान्सवर अमेरिकेचा दाब पडला आणि मॉस्कोवर कुणाचाच पडू शकत नव्हता.

आणि व्यवहाराचं बोलू. कलम १०८ प्रमाणे सनद बदलायला दोनतृतीयांश देशांची मंजुरी लागते आणि त्यात पाचही कायम सदस्य असावे लागतात. म्हणजे व्हेटो रद्द करण्यावरही व्हेटो आहेच. आपण भिंतीवर डोकं आपटतोय.

रानजाई

भिंत एकदा हललेली आहे. १९६३ मध्ये परिषद अकराची पंधरा करायचा प्रस्ताव आमसभेत आला तेव्हा सोव्हिएत संघ आणि फ्रान्सने विरोधात मत दिलं, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. तरी तो मोठ्या बहुमताने झाला, आणि १९६५ पर्यंत पाचही जणांनी मुकाट्याने मंजुरी दिली. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेतल्या देशांना नाराज करणं कुणालाच परवडणारं नव्हतं. शिवाय ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९८९ नंतर एकदाही व्हेटो वापरलेला नाही, त्यांचं काय बिघडलं?

तरीही मी मूळ मागणी बदलते. सगळा व्हेटो रद्द करा, हे म्हणणं मागे घेते. गोव्यामुळे घेते, कलम १०८ मुळे नाही.

त्याऐवजी दोनच गोष्टी. पहिली तर सनदेत आजही लिहिलेली आहे. कलम २७, पोटकलम ३: वादात जो पक्षकार आहे त्याने मतदानापासून दूर राहावं. हे फक्त वाद शांततेने सोडवण्याच्या प्रकरणाला लागू आहे, सक्तीच्या कारवाईला नाही, आणि साठच्या दशकापासून ते कुणी पाळलेलं नाही. नाझी अधिकारी आइखमानला इस्रायलने अर्जेंटिनातून पळवून नेल्याच्या वादात १९६० मध्ये अर्जेंटिनाने मतदानात भाग घेतला नव्हता, तसं स्पष्ट उदाहरण पुन्हा दिसत नाही. ते पाळायला लावा, आणि स्वतःच्या युद्धापुरतं सक्तीच्या ठरावांनाही लावा. दुसरी गोष्ट, अन्न-औषधाच्या ठरावांवर व्हेटो नको, कुणाचाच.

एप्रिल २०२२ मध्ये लिकटेनस्टाइनसारख्या चिमुकल्या देशाच्या पुढाकाराने आमसभेने ठरवलंच ना, की व्हेटो वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत त्यावर सगळ्या जगासमोर चर्चा होईल. तेही आधी अशक्यच वाटत होतं.

सह्यकडा

पक्षकार कोण हे ठरवणार कोण? युक्रेनमध्ये रशिया पक्षकार हे शेंबडं पोरही सांगेल. पण शस्त्रं पुरवणारी अमेरिका गाझात पक्षकार आहे का? तुमच्या नियमात ती बसत नाही, म्हणजे तुमच्याच धाग्यातलं दुसरं उदाहरण तुमच्या हातून निसटतं. आणि शस्त्रपुरवठा धरायचा म्हटलं तर १९७१ चा सोव्हिएत संघही पक्षकार ठरतो, भारताशी ऑगस्टमध्ये करार केलेला आणि शस्त्रं देणारा. मग ढाका गेलं.

मी दोन्हींतलं काहीच स्वीकारत नाही. आफ्रिकी देश व्हेटोसकट दोन कायम जागा मागतात, मला ती मागणी जास्त प्रामाणिक वाटते. अधिकार काढून घेता येत नसेल तर तो ज्यांच्याकडे कधीच नव्हता त्यांनाही द्या.

रानजाई

गाझा निसटतं, हो. शस्त्रपुरवठ्याची रेघ कुठे मारायची याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. पण गाझात पीठ जाऊ द्या, असा ठराव आला तर माझी दुसरी अट तिथेही लागू होते.

खडूफळा

त्या दुसऱ्या अटीपुरता मी तुमच्या बाजूने. मदतीच्या ट्रकांवर व्हेटो नको. युद्धाच्या ठरावांवर मात्र तो राहू द्या.