विषय: रेडिएटर ठोकतोय आणि गळतोयसुद्धा (तातडीचं)

कोथरूडहून काकू:
मंडळी, आम्ही यंदा मार्चपर्यंत पुण्यातच. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी लेक एकटी. वरच्या मजल्यावरचा, खोली गरम करणारा कोपऱ्यातला रेडिएटर (तोच, कोजागिरीला सगळ्यांनी ज्याच्यावर कोट टाकले होते) बॉयलर लागला की तांबट आळी सुरू करतो. व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी तांबूस पाणी ठिबकतंय, खाली बशी ठेवलीय. आवाज कमी व्हावा म्हणून तिने व्हॉल्व्ह अर्धा बंद केला, तर जास्तच. प्लंबर म्हणतो अख्खा रेडिएटर बदला. आमचे सकाळचे साडेदहा म्हणजे तिकडे मध्यरात्र, जागं असेल त्याने लगेच सांगा.

औंधकर (पूर्वी लंडन):
सोपं आहे. किल्लीने हवा काढा. आम्ही दर ऑक्टोबरला काढायचो.

जर्सी सिटी, तळघरवाले:
औंधकर, ते गरम पाण्याच्या रेडिएटरला. हे वाफेचं घर आहे. हवा बाहेर सोडायला बाजूला व्हेंट असतो, तो आपला आपण फुसफुसतो आणि वाफ पोचली की बंद होतो.
काकू, पाइप एकच आहे ना? मग आधी व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला सांगा. वाफ वर जाते त्याच पाइपने पाणी खाली परततं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधलं चालत नाही. अर्धवट ठेवला की पाणी आत अडकतं. त्यात नवी वाफ शिरली की तिचं क्षणात पाणी होतं. लिटरभर पाण्याची 1,600 लिटरहून जास्त वाफ होते, म्हणजे उलट होताना केवढी जागा रिकामी पडते बघा. त्या पोकळीत पाणी धावतं आणि लोखंडावर आदळतं. तोच तुमचा आवाज.
मग रेडिएटरवर लेव्हल (उतार दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवा. उतार व्हॉल्व्हकडे हवा.

खजिनदार:
ही ईमेल लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे हे नम्रपणे सांगतो. प्लंबरची यादी समितीकडे आहे, ती मागितल्याशिवाय कोणी इथे नंबर टाकू नये, गेल्या वर्षीचा प्रकार आठवा. काकू, संक्रांतीच्या हॉलचा तुमचा वाटा राहिलाय.

शिकागोची मावशी:
हॉलचं नंतर बघू हो, पोरगी थंडीत आहे! आमच्याकडेही हेच. जुनं घर, लाकडी जमीन खचते आणि उतार फिरतो. व्हेंटकडच्या पायांखाली चकत्या घातल्या की झालं. पण जरा जरा उचला. आमच्या ह्यांनी एका दमात इंचभर उचलला आणि व्हॉल्व्हजवळचा मोठा नट गळायला लागला. पुढचा महिनाभर ह्यांनी कोणाला सल्ला दिला नाही, तेवढाच फायदा.

औंधकर:
वाफ काय, पाणी काय, हवा ती हवाच. आणि प्रेशर वाढवून बघा, जोर आला की अडकलेलं पाणी ढकललं जाईल.

जर्सी सिटी, तळघरवाले:
नको! हे कोणी करू नका. घरगुती वाफेला 2 पीएसआय दाबाच्या आत भागतं. बॉयलरवरच्या करड्या डबीत कट-इन (ज्या दाबाला बॉयलर चालू होतो) अर्ध्यावर आणि आतलं चाक (चालू-बंदमधला फरक) 1 वर, म्हणजे दीडला बंद. वर नेलं की व्हेंट खराब होतात आणि तेल फुकट जळतं. बॉयलरच्या काचेच्या नळीतलं पाणीही बघायला सांगा. अर्ध्याच्या थोडं वर ठीक, काठोकाठ असेल तर वाफेबरोबर पाणीच वर चढतं.

कोथरूडहून काकू:
पाइप एकच. व्हिडिओ कॉलवर लेव्हलचा बुडबुडा पाहिला, उतार चक्क व्हेंटकडे! ह्यांचं इथून चाललंय, पहार घाल, उचल. ती एकटी ते ओतीव लोखंड कशी उचलणार?

शिकागोची मावशी:
एकटीने मुळीच नको. एडिसनमधलं कोण जागं आहे? एकाने पहार दाबायची, दुसऱ्याने चकती सरकवायची. बोटं आत घालायची नाहीत.

जर्सी सिटी, तळघरवाले:
सकाळी मी जातो. ठिबकण्याबद्दल: दांड्याभोवतीच्या नटात ग्लँडची दोरी (गळती अडवणारं भरण) असते, ती सुकते. बॉयलर बंद, सगळं गार, मग नट पाव फेरा आवळायचा. नाही थांबलं तर ग्रॅफाइटची नवी दोरी भरू. रेडिएटर बदलायचा प्रश्नच नाही. त्याला तडा गेला असता तर पाणी दांड्यापाशी नाही, खणांच्या मधून आलं असतं.

खजिनदार:
जाताच आहात तर हॉलचा चेक घेऊन या.

कोथरूडहून काकू:
दोन चकत्या घातल्या, ठोकणं बंद. ठिबक कमी झालीय, थांबली नाही. शनिवारी दोरी भरणार आहेत. प्लंबरला नको म्हणून कळवलं. खजिनदार, चेक तळघरवाल्यांच्या कोटाच्या खिशात आहे, त्यांनाच विचारा.

औंधकर:
पण हवा काढली का?